बुजवलेल्या खिडकीचे दगड

खिडकी बुजवलीत ती बुजवलीत, पण दगडांवरचं माझं अक्षर तरी खरवडून टाकायचं होतंत, आबा. मेलेलं माणूस सुटतं, मागं राहिलेल्यांना तोंड द्यावं लागतं. गेल्या आठवड्यात दवाखान्यातली बाळंतिणीची जुनी खोली पाडली. तुम्ही बांधलेली. पाडणारा तुमचाच नातू, माझा मुलगा. आता तो गवंडीकाम करतो आणि तुमच्या दुप्पट बोलतो. पश्चिमेच्या भिंतीत कमानीखाली चिणलेले सात दगड त्याला मिळाले, आणि प्रत्येकावर आतल्या अंगाला गेरूनं काढलेलं अक्षर. एक पाटीत घालून घरी आणला, ओट्यावर ठेवला नि म्हणाला, "आई, हे ग अक्षर तुझं आहे. असा कुबडा ग जगात दुसरं कुणी काढत नाही." मी म्हटलं, "आधी पाय धू." त्यानं पाय धुतले, पण डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

बाप असून शाळेचं तोंड मला दाखवलं नाहीत. कोणता दगड कुठं बसायचा हे कळावं म्हणून हातात गेरूचा खडा दिलात, अक्षरं गिरवून घेतलीत; तेवढ्यावर हे पत्र चाललंय, चुका काढू नका. तो दिवस मला अजून समोर दिसतो. नवी खोली उभी आहे, चुना ओला आहे, तुम्ही ओळंबा सोडून एक डोळा मिटून उभे आहात. मी भाकरी घेऊन आले आहे आणि खाट कुठं लागणार ते बघते आहे, कारण तिथं पहिली निजणार ती माझी लेक. पहिलटकरीण. आणि खिडकी थेट उशाशी.

"ही बुजवा," मी म्हणते.

"साहेबाच्या नकाशात आहे ती."

"साहेबाला बाळंत व्हायचंय का? ओल्या बाळंतिणीला वारा लागला तर काय होतं ते मला शिकवू नका."

आपल्यात बाळंतिणीची खोली म्हणजे काळोख, कानाला फडकं, खाटेखाली शेगडी. मी काही जगावेगळं बोलले नव्हते. तुम्ही मुंडासं वर सारून डोकं खाजवता. "माणसाला हवा लागते गं." "मग माझी पोर तुमच्या दवाखान्यात येणार नाही." झालं. दिवस मावळायच्या आत मीच दगडांवर अक्षरं काढली आणि तुम्ही ते चिणलेत. साहेबाला सांगितलंत, भिंत तिथं कच्ची होती.

तिसऱ्या दिवशी लेकीचं अंग तापलं. खोलीत धूर असा, की शेगडीतला विस्तव दिसे, पोर दिसत नसे. "आई, दार तरी उघड," ती म्हणाली. मी उघडलं नाही. सातव्या दिवशी तिला बाहेर काढायची वेळ आली तेव्हा उघडलं. तिची मुलगी तेवढी माझ्या ओटीत राहिली. नदीवरून परत आलात तेव्हा तुम्ही दारातच उभे राहिलात, पाय धुवायलाही आत आला नाहीत. म्हणालात, "तू सांगितलंस, मी केलं. यावर या घरात पुन्हा कुणी बोलायचं नाही." आयुष्यात तुमचं तेवढं एक मी ऐकलं. त्या खोलीत नंतरही बायका जात राहिल्या, काही बाळ घेऊन परत आल्या, काही आल्या नाहीत. मी विचारायला गेले नाही. दवाखान्यावरून वाट असली की मी वळसा घालून जात होते.

आता नवा वॉर्ड झालाय. डॉक्टरीणबाई आहेत, एवढीशी बाई, पण ठेकेदार तिच्यापुढं टोपी काढून उभा राहतो. भिंत जमिनीला मिळते तिथला कोपरा गोल करा म्हणाली, म्हणजे घाण साचत नाही, पाण्यानं धुता येतं. तुमचा नातू घरी येऊन कुरकुरला, "काटकोन साधायला आबांनी माझी बोटं फोडली, आणि ही म्हणते गोल कर!" खिडक्या बसवायच्या आधी तर तिनं त्याला चक्क खाटेवर निजवलं.

"काय दिसतं?"

"वासे दिसतात, बाई."

"मग बाळंतिणीनं दहा दिवस वासेच मोजायचे का?"

खिडक्या हातभर खाली आल्या. आता निजल्या निजल्या विहीर दिसते, निंब दिसतो, पाण्याला येणारी माणसं दिसतात. आबा, तुम्ही एवढ्या भिंती उभ्या केल्यात, एकदा तरी कुणाच्या खाटेवर निजून पाहिलंत का? मीही नाही पाहिलं.

त्याच वॉर्डात काल माझ्या ओटीतली ती नात बाळंत झाली. मुलगा झाला. चांदवडला दिलीय ती. तिची सासू मोटारीनं आली, येताना शेगडी घेऊन. शेगडी डॉक्टरीणबाईनं दारातच अडवली. आज दुपारी मी पेज घेऊन गेले, तर विहीणबाईनं खिडकीवर गोधडी टांगलेली. खाटेवर तोच काळोख. नातीच्या कपाळाला हात लावला, कोमट लागलं. पेजेच्या भांड्यानं माझाच हात तापला असेल. ती म्हणाली, "आजी, माझी आई इथंच गेली ना? कशानं गं?" मी उत्तर द्यायच्या आत विहीणबाई बोलल्या, "वारा लागला व्हता तिला. म्हणून तर म्या खिडकी झाकली. लय वारं येतं हितं." आणि माझ्याकडं बघून मान डोलावली, जशी मी त्यांच्याच बाजूची.

खरं सांगते. गोधडी बघून मला आधी बरं वाटलं होतं. पोरीला आता वारा लागणार नाही, हेच पहिलं मनात आलं. तो दगड ओट्यावर आठ दिवस बघूनसुद्धा. गोधडीपर्यंत हात गेला तो ती काढायला नाही, नीट बसवायला. मग नात म्हणाली, "आजी, जरा उघड ना," आणि मी भांडं तिथंच टाकून घरी पळत आले. उद्या तिसरा दिवस.

हे पत्र टपालात पडायचं नाही. गेरूच्या दगडाखाली ठेवते आणि अशीच दवाखान्यात परत जाते, अजून ऊन आहे. गोधडी काढीन. मग नात पुन्हा विचारील. तेव्हा माझ्या मुलानं, विहिणीनं, डॉक्टरीणबाईनं, कुणी तोंड उघडायचं नाही. आबा, तुम्हीही मला गप्प बसवायचं नाही. उत्तर मी देणार.