भिंतीतला दादा

३ ऑक्टोबर
धरण समितीचा चेअरमन म्हणून आजपासून रोज नोंद ठेवायची.
पाटबंधारे खात्याच्या न्याकुद्या बाई येऊन गेल्या. सिमेंट नको म्हणाल्या. मातीच्या भिंतीवर वाळा लावायचा. त्याची मुळं सरळ खाली जातात, माती धरून ठेवतात. शेळ्या बंद. झाडं वरच्या डोंगरउतारावर लावायची, म्हणजे गाळ येत नाही. भिंतीवर मात्र एकही झाड नको, मुळांच्या कडेने पाणी आत वाट काढतं. मग बोट दाखवून विचारलं, हे उंबर कुणी लावलं? मी बाईंना महेवू, आमची मक्याची आंबील, घेण्याचा आग्रह केला. विषय सफाईने बदलला.

४ ऑक्टोबर
उंबर मी लावलं. खाली दादा आहे. म्हणजे, बोकडाचं डोकं आहे. ताकाविरादादा दोन वर्षांपूर्वी मासे धरताना याच पाण्यात बुडाला. सापडला नाही. माणूस सापडला नाही तर आमच्याकडे त्याच्या जागी बोकडाचं डोकं पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरतात. आमच्या घराण्याची थडगी टेकडीवर आहेत. पण मी भिंतीत खड्डा केला. दादाला पाण्याजवळ बरं वाटेल म्हणून. निर्णय संपूर्ण भावनिक होता.

११ ऑक्टोबर
वाळा लावून झाला. बायकांनी लावला, बादल्यांनी पाणी घातलं. देखरेख माझी. उंबराभोवतीची जागा मोकळी सोडायला लावली. बाईंना कळवायचं: काम शंभर टक्के पूर्ण.

१९ ऑक्टोबर, दुपारी
उंबराच्या खालच्या अंगाला भिंत ओली. बहुधा शेळ्या. शेळीबंदी कडक करण्याचा ठराव केला.

२० ऑक्टोबर
शेळ्या माझ्याच निघाल्या. ठराव पुढे ढकलला.

२ नोव्हेंबर, दुपारी
शेळ्या बांधून ठेवल्या तरी ओल आहेच. भिंतीला कान लावला. आत गुळगुळ आवाज. दादा सकाळी चूळ भरायचा तो हुबेहूब असाच. मी विचारलं, दादा, उंबर राहू दे ना? गुळगुळ झालं. म्हणजे हो.

९ नोव्हेंबर
आता रोज दुपारी दादाशी बोलतो. समितीत माझं इतकं कुणी ऐकून घेत नाही.
एस्नाती वहिनी भेटल्या. भिंतीच्या पायथ्याशी घर त्यांचंच, पदरात दोन मुली. म्हणाल्या, भावजी, चुलीजवळची जमीन ओली होतेय, बाईंना बोलवा. मी समजावलं, वहिनी, दादा तुमच्याजवळ आलाय. म्हणाल्या, जिवंतपणी कधी चुलीजवळ बसला नाही, आता कशाला येतोय?
दुःखाने माणूस कडवट होतो.

२४ नोव्हेंबर
वर जोराचा पाऊस. तलाव पाऊण भरला. ओलीतून धार लागली आहे. बाई म्हणाल्या होत्या, गळणारं पाणी गढूळ आलं तर भिंत आतून वाहून चालली समजा, त्याच दिवशी निरोप द्या. ते गढूळ आहे. पण आमच्याकडे नोव्हेंबरात पावसाळा लागतो, तेव्हा सगळंच गढूळ असतं.
निरोप सोमवारी नक्की.

२७ नोव्हेंबर
सोमवारी दादाला विचारलं. तो नको म्हणाला. आज त्याचा आवाज मोठा होता. तो मला नावाने हाक मारत होता, जायरोसी, जायरोसी. मी घरी पळालो. भीती वाटली हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

१ डिसेंबर
वहिनी मुलींना माहेरी सोडून परस्पर बाईंना घेऊन आल्या. बाईंनी धार ओंजळीत धरून पाहिली आणि तलावाचं पाणी सोडायची झडप उघडायला लावली. दोन दिवस पाणी वाहत राहील म्हणाल्या. तीस घरांचं पुढच्या कोरड्या महिन्यांचं पाणी नदीला चाललं. माझ्याशी कुणी बोललं नाही.

३ डिसेंबर
तलाव रिकामा. उंबर मुळासकट काढलं. मुळं भिंतीच्या आरपार, त्यांच्या कडेने दंड जाईल एवढं भोक. वाळ्याच्या ओळीखालची माती तेवढी जागच्या जागी.
खड्ड्यात काहीच नव्हतं. डोकं नाही, कापड नाही. पाण्याने कधीच नेलं असणार. बाई म्हणाल्या, आणखी एक पाऊस, आणि पायथ्याचं घर दिसलं नसतं.
मग महिनाभर मला उत्तर कोण देत होतं?

८ डिसेंबर
नवा बोकड माझाच. डोकं टेकडीवर पुरायचं ठरलं. दोन माणसं लावून तासाभरात उरकू म्हणालो. वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी यांचं डोकं पुरायलाही इथेच आलो होतो, भावजी. तुम्ही कुदळीचे तीन घाव घातलेत, खडक लागला, आणि म्हणालात, धरणाची माती मऊ आहे.
मी हे विसरलो होतो. नाही, विसरलो नव्हतो.
माणसं घरी गेली. सकाळपासून एकटा खणतोय. गुडघाभर झाल्यावर विचारलं, पुरे का?
वहिनी सावलीत बसून होत्या. म्हणाल्या, अजून खोल.