कलम सहा आणि तुझे भाऊजी

चिरंजीव वकीलसाहेबांस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (एक हातचा राखून ठेवला आहे. हे पत्र वाचून तू काय करतोस ते पाहून तो द्यायचा की नाही ते ठरवीन.) तुझी कंबर कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या भानगडी निस्तरायच्या म्हणजे कंबर धरणारच. तुझ्या बायकोचा गुडघा उतरला का? तिला म्हणावं, जिना चढताना आई गं करण्यापेक्षा कठडा धर. आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाही, म्हणून तर पत्र लिहायला बसले. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तुझे भाऊजी मागच्या गॅलरीत बसलेले असतात, आणि सव्वीस वर्षं मशीनच्या घरघरीत काम करूनही ह्यांचे कान भलतेच तिखट आहेत.

गेल्या वर्षी तू आम्हाला करार करून दिलास, आठवतो ना? आमच्या हिशेबनिसाने घाबरवून सोडलं होतं, की कवळ्या बनवायला तुम्ही बाहेरची माणसं लावता, त्यांना वेळेवर या म्हणता, हातात तुमचीच हत्यारं देता, मान वर काढू देत नाही. उद्या ती म्हणाली आम्ही तुमचे कायमचे नोकर, तर काय कराल? मी तुला फोन केला आणि तू अकरा पानी करार धाडलास, स्वतंत्र कंत्राटदाराचा. (आपल्या आईचं मृत्युपत्र अर्ध्या पानाचं होतं आणि त्यावर कोणी भांडलंही नाही.) मी तो न वाचता पॉलिशवाल्याची सही घेतली, दातांचा रंग जुळवणाऱ्या पोरीची घेतली आणि हुश्श केलं. तिसरी प्रत टेबलावर राहिली. ती ह्यांनी वाचली.

तुला माहीतच आहे, लॅब माझ्या नावावर आणि कसब ह्यांच्या हातात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावर हे मेणात एकेक दात बसवतात, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून सांगते, की जरा डावीकडे घ्या, जरा आत घ्या, हा सुळा उगाच डोकावतोय. सव्वीस वर्षं हे नुसतं 'हं' म्हणत आले. मला वाटायचं, संसार असाच असतो. पण तू कलम सहा लिहिलंस: काम कुठे, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने करायचं ते कंत्राटदार स्वतः ठरवील, काम देणाऱ्याने फक्त तयार वस्तू तपासावी. ते ह्यांनी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून म्हणाले, मलाही हाच करार पाहिजे. मला वाटलं गंमत आहे. मी हसत हसत लॅबचा शिक्का मारला आणि शिक्क्यासकट धोंडा माझ्याच पायावर पाडून घेतला.

मुदत एक वर्षाची. येत्या पंधरा तारखेला ती संपते. समोरच्या रस्त्यावरच्या लॅबवाल्याचं ह्यांना बोलावणं आलंय, आणि कलम नऊप्रमाणे दुसऱ्याचं काम धरायची ह्यांना मोकळीक आहे. (कलम नऊ लिहिताना तुला सख्खी बहीण आठवली नाही का रे?) पुन्हा सही करणार की तिकडे जाणार, हे काही ह्यांच्या तोंडून निघत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

वर्ष कसं गेलं ते ऐक. सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे नऊला उठले. कंत्राटदाराने स्वतःची अवजारं वापरावीत असंही तू कुठेतरी खुपसलं आहेस, म्हणून माझा चिमटा, माझा दिवा आणि माझं स्टूल ह्यांनी पोच घेऊन परत केलं, स्वतःचं टेबल विकत आणलं आणि ते मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मांडलं. आता मला सांगायची तर बंदी. पण कपडे वाळत घालायला कोणाची बंदी? पहिल्या दिवशी मी सात वेळा कपडे वाळत घातले. (शेवटच्या तीन वेळा वाळलेलेच पुन्हा भिजवून.) आठव्या खेपेला ह्यांनी मला लेखी पत्र दिलं, की आपल्या वारंवार येण्याने कामाच्या पद्धतीवर आपलं नियंत्रण आहे असा अर्थ निघू शकतो, आणि त्यात आपलंच नुकसान आहे. खाली 'आपला विश्वासू'. लग्नाच्या बायकोला.

बरं, हा करार फक्त दातांपुरता आहे असं तू कुठे लिहिलंच नाहीस. भाजी आणा म्हटलं तर म्हणाले, कोणती, किती आणि केव्हापर्यंत तेवढं सांग, रस्ता माझा मी बघीन. दहाला गेले ते दोनला उगवले. भाजी मात्र नावं ठेवायला जागा नाही अशी, त्यामुळे मला तोंडही उघडता येईना. मग कलम आठ: स्वतःला जमत नसेल तर कंत्राटदाराने तितकाच लायक बदली माणूस द्यावा. एका मंगळवारी गॅलरीत डोकावले तर ह्यांच्या जागी ह्यांचा दोस्त घड्याळजी. हे पोहायला गेले होते. (अठ्ठावन्नाव्या वर्षी. पोहायला.) घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कवळी घासत होता आणि मला विचारत होता, वहिनी, ह्याला चावी कुठून द्यायची. मी करार आणून 'तितकाच लायक' ह्या शब्दांवर बोट ठेवलं. तेवढ्यात रंगवाली पोरगी ती कवळी खिडकीशी घेऊन गेली आणि म्हणाली, अशी झळाळी आपल्याकडे आजवर आली नव्हती. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

आता जे सांगते ते तुझ्या बायकोलाही सांगू नकोस. निवृत्त हेडमास्तरांची कवळी तयार करून हे पोहायला गेले. मला वरचे दोन दात किंचित पुढे वाटले. मी कवळी कपाटात ठेवली, कपाट बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी कानस घेतली आणि दोन हात मारलेच. म्हटलं, कोणाला कळतंय. मास्तरांचं दुसऱ्या दिवशी भाषण होतं. 'सभापती' म्हणताना शिट्टी वाजली, 'सभासद' म्हणताना वाजली, आणि सरतेशेवटी दारातलं कुत्रं उठून व्यासपीठापाशी येऊन बसलं. मास्तर कवळी रुमालात घेऊन आमच्याकडे आले. (त्यामुळे शिव्या नीटशा कळल्या नाहीत, तेवढंच बरं.) काम देणाऱ्याने वस्तूत फेरफार केला तर जबाबदारी त्याची, असं तुझं कलम चौदा सांगतं. ह्यांनी कवळी उजेडात धरली, कानशीच्या खुणा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि मास्तरांना म्हणाले, घासताना माझीच चूक झाली, दोन दिवसांत नवी देतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. भांडणारा माणूस राहतो रे. एवढा मोठेपणा दाखवणारा जायचं ठरवून बसलेला असतो.

तेव्हा पंधरा तारखेच्या आत मला दुसरा करार करून धाड. ह्यांचं टेबल माझ्या शेजारी येईल, समोरच्या लॅबची पायरी ह्यांना चढता येणार नाही, आणि मी 'डावीकडे' म्हटलं की हे डावीकडेच घेतील, असा. बारा पानं झाली तरी चालतील. कायद्यात बसत नसेल तर बसव, नाहीतर तू वकील झालास कशाला.

तुझी,
ताई

ता. क. उत्तर लॅबच्या पत्त्यावर पाठवू नकोस. शेजारणीच्या पत्त्यावर पाठव.

ता. क. २. पत्र टाकायला निघाले होते. चपला घातल्या आणि काय वाटलं कोण जाणे, तशीच गॅलरीत गेले. हातात बादली नव्हती. मास्तरांच्या कवळीचं कबूल केलं. मग विचारलं, की पंधरा तारखेनंतर माझ्या शेजारी बसाल का? ह्यांनी हातातलं मेण बाजूला ठेवलं. मग म्हणाले, सव्वीस वर्षं तू सांगत आलीस, विचारलंस आज. आणि टेबलाचं एक टोक धरून म्हणाले, दुसरं तू धर. टेबल दारात अडकलं, तेवढ्यात मी जरा रडून घेतलं.

ता. क. ३. वरची मागणी रद्द समज. टेबल शेजारी येऊन आज तिसरा दिवस. वर्षभर मोकळे राहून ह्यांना बोलायची सवय लागली आहे. मी मेण वितळवायला घेतलं की म्हणतात आच कमी कर, साचा ओतायला घेतला की म्हणतात हळू, आणि हे लिहितेय तर शेजारून सांगतायत, अक्षर जरा मोठं काढ, वकिलांचे डोळे अधू असतात. तेव्हा तोच अकरा पानी करार, एक अक्षर न बदलता, माझ्या नावाने करून पाठव. कंत्राटदार मी. घाई मात्र करू नकोस. दहा-पंधरा वर्षांनी आला तरी चालेल.