डेहराडूनला न्यायची साडी

४ डिसेंबर
प्रज्ञाचा फोन. लग्न ठरल्यापासून पोरगी हुकूमच सोडते. डेहराडूनच्या थंडीची तुम्हाला कल्पना नाही म्हणाली. दोघांना आतून घालायचे थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी, बूट. चप्पल बिलकुल नाही. मी म्हटलं, आष्टीतसुद्धा पहाटे दात वाजतात. "आई, इथं भर दुपारी वाजतात."
फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अन् लग्नात पांढरी साडी नको." का विचारेपर्यंत फोन बंद.

६ डिसेंबर
शाळेतून येऊन विहारात. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. वंदनेत लक्ष लागलं नाही. माझ्या लग्नातली साडी आठवत राहिली. माहेरी धावड्याला आईनं स्वतः दुकानात जाऊन घेतली होती. म्हणायची, "आमच्या लहानपणी लोकायचं उतरलेलं नेसायचो, बाई. हे पांढरं आपल्या पैशानं घेतलेलं." आमच्यात नवरी पांढऱ्यातच असते. प्रज्ञाही तशीच उभी राहील असं मी धरून चालले होते. तिच्यासाठी एक आणि माझ्यासाठी एक, दोन्ही उन्हाळ्यातच घेऊन ठेवल्यात.

८ डिसें.
बुटांची सवय व्हावी म्हणून शाळेत घालून गेले. साडीवर बूट. चौथीची पोरं, "बाई, पळायची स्पर्धा हाये का?" टाच सोलली. संध्याकाळी परत चप्पल.

९ डिसें.
आज प्रज्ञा नीट बोलली. नीरजला सगळं माहीत आहे, पण त्याच्या घरी आपण बौद्ध आहोत हे सांगितलेलं नाही. फक्त महाराष्ट्रातले, आई शिक्षिका, वडील एसटीत कंडक्टर होते, एवढंच. लग्न झालं की हळूहळू सांगू म्हणते.
मी: "आडनावावरून कळलं न्हाई?"
"त्यांना आपली आडनावं कळत न्हाईत, आई. इथं मी पहिल्यांदा नुसती प्रज्ञा आहे."
तिला दहावीत बाकावर शेजारी कोणी बसत नव्हतं, ते मला माहीत आहे. रागही आला आणि पोरीची कीवही आली. तिकडं पांढरं म्हणजे विधवेचं, म्हणते, नीरजची आई मनाला लावून घेईल. शिवाय कोणी विचारलंच तर सगळं उलगडत जाईल. पप्पांनाही सांग, म्हणाली, भेटल्यावर जय भीम नाही, नमस्ते म्हणायचं.
यांना अजून काही सांगितलं नाही.

१२ डिसें.
जालन्याला गेलो. स्वेटरवाल्यांच्या रांगेत यांनी एकेक कोट अंगात घालून पाहिला, नवरदेव हेच असल्यासारखे. मला मरून रंगाचा लांब कोट. घोट्यापर्यंत येतो. आत काय नेसलंय ते कोणाला दिसणार नाही. तो घेताना हेच मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.
परतूरच्या गाडीत हे खुशीत होते. "मी तर पांढरा शर्टच घालणार बरं का, जाकिटाच्या आतून." गड्याच्या पांढऱ्या शर्टाकडं कोण बघतंय. बाईची साडी मात्र सगळ्यांना दिसते.

१३ डिसें.
आज यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मंग मी कशाला येऊ? लेकीच्या लग्नात चोरासारखं उभं राहाया?" बॅगेतून आपले कपडे काढून परत कपाटात ठेवले, घड्या न मोडता. तिकीट रद्द करायचं म्हणतात.
बापलेक दोघंही बरोबर आहेत, हाच माझ्या जिवाला घोर आहे. एकाची बाजू घ्यावी तर दुसऱ्याचं मन मोडतं.

१५
हे बोलत नाहीत. मोतीचुराचे लाडू केले, तिकडं न्यायला. आच जास्त झाली, बुंदी थोडी करपली.

१६ डिसें.
दुपारी अनोळखी नंबर. नीरजची आई. आवाज गोड, माझ्याच वयाची असावी. मला दीदी म्हणाली. साडीच्या आतून गरम पायजमा घाला, कान झाका, पाण्याची काळजी नको, गरम पाणी तयार ठेवीन. मी आपली हो जी, हो जी. माझं हिंदी मराठवाड्याचं, तरी तिला कळत होतं.
मग म्हणाली, "आपके लिए शॉल ले रही हूँ। साड़ी किस रंग की पहनेंगी?"
मरून म्हणता आलं असतं. जांभळा, मोरपंखी, रंगांना काय कमी. पण ती बाई माझ्यासाठी दुकानात उभी राहून विचारत होती. म्हटलं, "सफ़ेद."
ती हळूच, "सफ़ेद? शादी में?"
"हमारे में शादी में यही पहनते."
"अच्छा, आप लोग क्रिश्चियन हैं?"
"नहीं जी. बौद्ध."
दुकानातला गलका ऐकू येत होता. "अच्छा," म्हणाली. "मैं नीरज से बात करती हूँ।" फोन ठेवला.
मी तशीच स्वयंपाकघरात बसून राहिले. खोटं बोलले नाही याचं बरं वाटलं, आणि पोरीचं लग्न मोडून बसले की काय ही भीतीही.

१७ डिसें.
प्रज्ञा रडत होती. "मला विचारून तरी बोलायचं व्हतं. माझं लग्न हाये ना?" खरं आहे, तिचंच लग्न. नीरज काय म्हणतो विचारलं. "तो माझ्या बाजूनं हाये. पण त्याची आई कालपासून खोलीतून बाहेर आली न्हाई."
हे शेजारी बसून ऐकत होते. उठले, कपाट उघडलं, कपडे बॅगेत भरायला लागले. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, "आता लपवायचं काय ऱ्हायलं? आता येतो."

१९ डिसें.
आज निघायचं. सकाळपासून चार वेळा फोन लावला, प्रज्ञा उचलत नाही. बॅग भरली: थर्मल, मोजे, कानटोप्या, लाडू, दोन्ही पांढऱ्या साड्या. हे म्हणाले, इस्त्री मोडेल, वरच ठेव. वर ठेवल्या.
जालना स्टेशनावर गाडीची वाट बघत असताना तिचा मेसेज आला. "या. स्टेशनवर घ्यायला मी एकटीच येईन."
यांनी विचारलं, "काय म्हणती?"
"या म्हणती," एवढंच सांगितलं.