परद्यावरच्या सिस्टर अगाथा

मूल (जि. चांदा), ३० ऑक्टो. १९५५
शाळेत असताना कॉन्व्हेंटच्या गच्चीवर माझी मैत्रीण कुसुम नि मी सि. अगाथांचे लोकरीचे मोजे वाळत घालायचो. नागपूरच्या उन्हात लोकरीचे मोजे! त्या शेजारी वाटाणे सोलत सांगायच्या, तिकडे मायदेशी मी वर्षानुवर्षं काचेच्या तबकड्यांवर घेतलेल्या आकाशाच्या फोटोंतले तारे भिंगातून मोजले. त्या ताऱ्यांचं पुस्तक निघालं, नाव वेधशाळेच्या साहेबांचं. ‘तारे तेच आहेत ना?’ म्हणून हसायच्या. मला तेव्हाही हसू येत नसे.
दिवाळीनंतर इथे मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकाचा परदा गोमाजी पेंटर रंगवतोय. कापड माझं, म्हणून आकाशात सि. अगाथा हव्यात ही अटही माझी. नाटकमंडळीचे मालक म्हणाले, ‘काढा ना बाई, आकाश तं रिकामंच रायते.’

५ नोव्हें.
गोमाजीने चार हात काढले!
‘काऊन रे?’
‘एवढे तारे दोन हातानं कसे मोजून होतीन बाई?’
दोन पुसवले.

९ नोव्हें.
काळा झगा सांगितला होता. लाल काठाचं लुगडं नि नथ! म्हणे, ‘मंडईचा परदा हाय. इतकी उदास बाई कोन पाह्यते?’ झगा करवून घेतला. नथीवर अडला. ‘राहू द्या, तिलेई हौस असन.’
असेलही. आम्ही कधी विचारलं नाही. राहू दिली.
पायाशी वाघ आहे. त्यावर भांडायचं त्राण उरलं नाही.

१८ नोव्हें.
काल नाटक झालं. राजा ऊर बडवून रडत होता नि पुढच्या बाया आकाशाकडे बघत होत्या.
‘हे कोनती देवी व्हय?’
परद्यामागून गोमाजी ओरडला, ‘देवी नाई! तारे मोजनारी बाई. तिचं नाव कोनी लिवलं नाई.’
‘मंग तू लिवलं काय?’
राजासुद्धा रडायचा थांबला. आम्हीही लिहिलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं...

१९ नोव्हें.
सकाळीच नाव घातलं. जागा उरली होती ती वाघाच्या पाठीवर. दुपारपर्यंत गावात वाघाचं नाव अगाथा.

२१ नोव्हें.
मालक आले. ‘पुढच्या गावी दरबार लागते बाई. परद्यावर पांढरा हात मारून घेतो.’ दर हंगामात असंच करतात म्हणे. म्हणजे पुन्हा पुसल्या जाणार. गोमाजी दाराशी उभा. मग म्हणाला, ‘दुसऱ्या कोनाले सांगा. माह्या हातानं नाई होत.’
मी विचारलं, दरबारात सिंहासन आहे का? ‘खोका हाय.’ माझी सागवानी खुर्ची दाखवली. ही घ्या, परदा ठेवा. ‘पाह्यतो बसून,’ म्हणाले.
आता वय झालं, तेव्हा माझ्यामागे कुणाला काय, सगळंच लिहून ठेवते. सि. अगाथांनी मला दिलेलं भिंग गोमाजीला. निळं रेशमी लुगडं नि ही वही कुसुमला, तिने पोटभर हसावं. परदा मुलींच्या शाळेला, वाघासकट. खुर्ची मालकांना. ते सकाळपासून तिच्यावर बसून विचार करताहेत.