मागितलेलं माप आणि शेजारचं माप

आबा, आपल्या बांगड्यांच्या दुकानात माळ्यावरून एका मापाच्या बांगड्या उतरवायला काय मोल पडायचं, ते आज मनातल्या मनात मांडून बघितलं. माझं शिडी चढणं, तुमचं काम खोळंबणं आणि समोरच्या बाईची नजर शेजारच्या दुकानाकडं वळणं. बांगडी स्वस्त होती, थांबणं महाग होतं. तुळजापुरात यात्रा भरलीय, तुम्ही गिऱ्हाइकाचा पंजा दाबून बघताय, मी सव्वादोनचं माप घेऊन उतरतो आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "एकच आणलंस व्हय रं? हात अडला तर परत काय तुझा आजा चढंल? पुढचं माप बी संगं आणायचं!" बाया हसल्या. मला लई राग आला होता.

आता मी धाराशिवात सॉफ्टवेअरचा धंदा करतो. तुळजापुरातल्याच लॉजवाल्यांची बुकिंगं माझ्याकडं असतात. नाव टाकलं की खोली सापडावी म्हणून प्रोग्रॅममध्ये एक सूची असते, पण तिचे तुकडे मेमरीत लांब लांब विखुरलेले होते. एक तुकडा बघायचा, पुढच्यासाठी परत लांब जायचं, आणि तोवर प्रोसेसर नुसता बसून. गेल्या गर्दीत एका लॉजच्या मॅनेजरनं सुनावलं, "साहेब, नाव सापडंस्तोवर माणूस दर्शन करून येतंय." म्हणून सूची नव्यानं रचली. शोधताना जी नावं पाठोपाठ लागतात, ती शेजारी शेजारी ठेवली. प्रोसेसर एका खेपेला मेमरीचा सलग तुकडाच उचलतो, आता त्यात पुढची नावंही आपसूक येतात.

आज पौर्णिमा, नव्या रचनेची पहिली गर्दी. आज अडकलं तर काम काढून घेऊ, असं लॉजवाल्यांनी तोंडावर सांगितलंय. ऑफिसातली मुलगी म्हणाली, "सर, स्क्रीनवर तर ठीक दिसतंय." मी ऐटीत म्हणालो, "स्क्रीन राहू दे. मशीन दमलं की मला पंख्याच्या आवाजावरून कळतं." आणि मशीन ठेवलंय त्या मागच्या खोलीतून सकाळपासून घरघर येतेय. चहा निवून गेलाय. मॅनेजरला फोन लावायचा धीर होत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलोय.

आत्ता त्याचाच फोन आला. "साहेब, बोट उचलायच्या आत खोली दिसाय लागलीय! काय केलं ओ?"

हे पत्र कुठं धाडायचंच नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. फोन ठेवून मागच्या खोलीत गेलो. मशीन गारच होतं. घरघर खालच्या लस्सीवाल्याच्या फ्रीजची होती.