सेन्सर हलवावा की नाही

देवरी,
मे महिना, भर दुपार

प्रिय हिमांशु,

तुझा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. गाडीतला हवेचा ताप मोजणारा सेन्सर इंजिनजवळून काढून पुढे थंड जागी बसवावा का? फोनवर ‘पाहून सांगतो’ म्हणालो, कारण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुझा दुसरा प्रश्न तयार असतो. म्हणून गॅरेजचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. आणि आधीच सांगून ठेवतो, सेन्सरचं झालं की मला तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे. ते वाचून तू कदाचित माझ्याशी बोलणं सोडशील. त्याची भीती वाटते, म्हणून आधी सेन्सर.

तुझ्या गाडीची तार कापायला सांगण्याआधी मी तुझ्या बाबूजींच्या जुन्या गाडीवर करून पाहिलं. त्यांना विचारूनच केलं, रागावू नको. चंचलची नर्स म्हणून चिचगडला बदली झाल्यापासून ती गाडी तुझ्या या बहिणीच्याच हाती आहे. सोमवारी सौंदडच्या घरून निघते, शनिवारी परत जाते, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे थांबते. चाकातली हवा बघायला. एवढ्या वेळा हवा तपासलेली चाकं आपल्या जिल्ह्यात दुसरी नसतील.

त्या गाडीची तक्रारही तुझ्या गाडीसारखीच होती. सौंदडच्या फाटकावर मालगाडी जाईपर्यंत उन्हात उभं राहिलं की नंतर गाडी उचल घेत नाही. उभ्या गाडीत सेन्सर इंजिनच्या धगीनं तापतो, हवा फार गरम आहे असं कम्प्युटरला कळवतो, आणि कम्प्युटर इंजिनला हात राखून चालवतो. मी तार वाढवली आणि सेन्सर समोरच्या जाळीमागे मोकळ्या वाऱ्यात टांगला. गाडी एकदम हलकी झाली आणि मी स्वतःवर खूश. मग चंचल एका बाळंतपणाच्या बाईला घेऊन देवरीला येत होती, तर चढावर इंजिन टकटक वाजायला लागलं. एसी बंद करून, गाडी हळूहळू काढत तिनं त्या बाईला दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तिथून ती सरळ गॅरेजवर आली. घामानं डबडबलेली, डोळे लाल.

“पेशंटचा ताप मोजाचा असन त दारात उभी राहून मोजू का मी?” एवढंच बोलली.

तिचं खरं होतं. इंजिन आत तापलेलीच हवा ओढत होतं आणि आपण कम्प्युटरला बाहेरचा आकडा सांगत होतो. हवा थंड आहे समजून तो ठिणगी लवकर टाकत होता, म्हणून ती टकटक. हे सगळं मला कळत होतं, पण मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि पाना हातातच राहिला.

नंतर सेन्सर हवेच्या नळीच्या आतच, पण इंजिनपासून जरा लांब बसवून पाहिला. मी गाडी फाटकावर उभी करायचो आणि चंचल शेजारी बसून स्कॅनरवरचे आकडे वाचायची. फाटक उघडल्यावर उचल थोडी बरी मिळाली, पण गाडी पळायला लागली की जुन्या आणि नव्या जागेचा आकडा जवळपास एकच. शिवाय कंपनीनं हिशेब जुन्या जागेवरून बांधलेला असतो. तेव्हा माझं ऐक, तुझी तार कापू नकोस. फिल्टर साफ कर, हवेची नळी कुठं सुटलेली नाही ना ते बघ. आम्ही बाबूजींच्या गाडीचा सेन्सरही परत जागेवर लावला. खरं तर पहिल्याच फेरीत समजलं होतं, तरी आम्ही बऱ्याच वेळा फाटकावर गेलो.

गेल्या राखीला तुला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा तू तिला फोनवर म्हणालास, यंदा विक्कीलाच बांध, तोही भाऊच आहे. त्या दिवशी मी दुपारभर एका ट्रकखाली पडून होतो. ट्रक चांगला होता. ती आली आणि राखी बाबूजींच्या गाडीच्या आरशाला बांधून निघून गेली. तुला आम्ही सांगितलं, गडबडीत राहून गेलं.

हिमांशु, मला चंचलशी लग्न करायचं आहे, आणि तिलाही माझ्याशी. तुमचं घराणं गावाचे तलाव बांधणाऱ्या जमीनदारांचं, आणि माझी आई अजून मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाते. बाबूजी मला पंगतीला शेजारी बसवतात, पण पोरगी देणं वेगळं, एवढं मला समजतं. आयटीआयच्या दिवसांपासून तू मला कधी परका वाटला नाहीस, म्हणून तुला गमवायची धास्ती सगळ्यात जास्त आहे. चंचल म्हणाली, “दादाले तूच सांग. दुसऱ्याकडून समजलं त त्याचं मन तुटन.” म्हणून हे पत्र. तू हो म्हणालास तर मी या रविवारी बाबूजींसमोर जाऊन बसेन. नाही म्हणालास तर मी जाणार नाही. पण चंचल जाणार आहे, आणि तेही तुला लिही असं तिनंच सांगितलं आहे.

तू ठेवशील तोवर तुझाच,
विक्की