ताटावरची मुलाखत

सर, धरणग्रस्तांवरच्या तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे आणि प्रस्तावना माझ्याकडे मागितली आहे. मी तुमची विद्यार्थिनी, आणि त्यातलं एक प्रकरण माझ्याच आईचं. इतकं सोयीचं माणूस प्रकाशकाला दुसरं कुठं मिळणार! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तोंडावर भांडताही येत नाही, म्हणून लिहिते आहे.

छापील प्रश्नावलीवर तुमचा राग होता. 'हो-नाहीच्या चौकटीत बाई मावत नाही,' म्हणायचात, आणि ते खरंच होतं. पैठणजवळच्या आमच्या नव्या गावात तुम्ही येईपर्यंत आईला तिचं मत कुणी विचारलंच नव्हतं. घरं किती बुडाली ते सरकारला ठाऊक होतं. पाण्याला निघाली की तिचे पाय अजून जुन्या पाणवठ्याच्या दिशेला वळतात, हे तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी रडले होते. गटचर्चेवर तुमचा विश्वास नव्हता, कारण बाया उत्तराआधी सरपंचाच्या बायकोकडे बघायच्या. नुसतं बसून निरीक्षण करावं, तर तुम्ही ओसरीवर टेकलात की सगळी गल्ली झाडली जायची. तुमची सगळी भिस्त जेवणावर. 'जेवता-वाढताना माणूस खरं बोलतं,' हा तुमचा सिद्धांत.

तर तुम्ही आमच्याकडे जेवायला बसला आहात. रेकॉर्डर पाटाशेजारी. आई गरम भाकरी वाढते आहे आणि तुम्ही विचारता, "नवं गाव मानवलं का?" ती म्हणते, "व्हय, लई बेस हाय. कायबी कमी नाय." या दोन वाक्यांवर तुम्ही अख्खं प्रकरण उभं केलंत. ते दाखवून लोक अजून सांगतात, उठवलेली माणसं रुळतात हो.

गेल्या महिन्यात गावी जाऊन मी ते आईला वाचून दाखवलं. ती हसली. "म्हणले आसंल. मास्तर जेवत व्हते ना. पाव्हण्याच्या ताटापुढं कुणी रडगाणं गातं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. शिकलेल्या माणसाची चूक, असं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण सर, तुम्ही जन्मानं गोदाकाठचेच. शहरातल्या गुलमंडीमागच्या तुमच्या घरी एकदा मी जेवत असताना, माझी शिष्यवृत्ती नाकारली गेल्याचं तुम्ही सांगायला लागलात, तर काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, पोरीला आधी हात तर धुऊ द्या!" तुम्ही जीभ चावलीत, आणि मी हात धुतल्यावरच पुढं बोललात. म्हणजे रीत तुम्हाला पुरती माहीत होती. मग नेमकं ताटावरच का विचारलंत? ज्या सरकारी खात्यानं तो अभ्यास करवून घेतला त्याला हेच उत्तर हवं होतं, म्हणून? संशय काही जात नाही. तुमच्यावर जीव होता, म्हणून तर तो जास्त छळतो.

मग मीच आईसमोर बसले. ताट नाही, चहासुद्धा नाही, मधे फक्त फोन. ती भरभरून बोलली. पाणी चढलं तेव्हा चूल तिनं आपल्या हातानं फोडली. शेळ्या विकल्या. नव्या गावात कितीतरी दिवस घास गोड लागला नाही. प्रस्तावनेला याहून अधिक काय हवं? मी खुशीत होते. पण सवय तुमचीच लागलेली, उठता उठता विचारलं, "आये, तवाचं खरं का आताचं?"

ती म्हणाली, "मास्तरायला ते पायजे व्हतं, तुला हे पायजे. माहेराहून लेक मोकळ्या हातानं जाती व्हय?"

मुलाखत उतरवून झाली आहे, सर. तिचं हे बोलणं तेवढं मी अजून उतरवलेलं नाही.